दोन बाजूंची एकच तक्रार

छत्रपती संभाजीनगरात ‘पेशंटला घाटीत हलवलं’ असं कुणी सांगितलं, की ऐकणाऱ्याला दोन गोष्टी एकदम समजतात. आजार मोठा आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय हे घाटीचं पूर्ण नाव. ते बहुतेक वेळा कागदावरच राहतं. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला ते वर्ष १९५६. त्याच वर्षी हे महाविद्यालय सुरू झालं. आज इथे अकराशेहून अधिक खाटा आहेत. जालना, बीड, परभणी, हिंगोली इथून आणि बुलढाणा, जळगाव, अहिल्यानगर जिल्ह्यांच्या लगतच्या तालुक्यांतून रुग्ण इथे येतात. २०१२ मध्ये शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आणि पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. दुसरीकडे जालना रोडवर, सिडकोत, गारखेड्यात खासगी आणि धर्मादाय रुग्णालयं वाढत गेली. मोफत वॉर्ड आणि लाखांत बिल होणारा अतिदक्षता विभाग इथे एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात आज काय बिनसलंय, हे पाहायला महाराष्ट्रात याहून योग्य शहर क्वचितच सापडेल.

रुग्णांची गाऱ्हाणी सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत. डॉक्टर नीट बोलत नाहीत, बिलाचा हिशेब कळत नाही, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पिटाळतात. डॉक्टरांची बाजू मात्र बाहेर फारशी ऐकू येत नाही. ते म्हणतात, बोलायला वेळच मिळत नाही. पैशाच्या व्यवहारात सरळ वागणारा मागे पडतो. पेशंट हाताबाहेर गेल्यावर आमच्याकडे येतो. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या, की लक्षात येतं की त्या वेगळ्या नाहीतच. वेळ, हिशेब आणि अंतर ही तीन दुखणी दोन बाजूंनी सांगितली जात आहेत. या प्रकरणात ती एकेक करून पाहू.

दोन मिनिटांची तपासणी

२०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांमधल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचार देणारा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. स्वीडनमध्ये हा वेळ साडेबावीस मिनिटं निघाला, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटं.

दोन मिनिटांत काय होऊ शकतं? नाव, वय, तक्रार, एखाद-दुसरा प्रश्न आणि चिठ्ठी. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचा म्हटला तरी त्यातलं एक मिनिट जातं. हे कॅन्सरचं तर नाही ना, ही गोळी जन्मभर घ्यायची का, असा पेशंटच्या मनातला खरा प्रश्न बहुतेकदा उठता उठता तोंडून निघतो. तोवर पुढच्याने आपला केसपेपर टेबलावर ठेवलेला असतो. डॉक्टरला तो प्रश्न ऐकू येतो. उत्तर द्यायला बसलं तर बाहेरच्या रांगेतला शेवटचा माणूस आज तपासला जाणार नाही, हेही त्याला ठाऊक असतं.

मोठ्या सरकारी रुग्णालयात या गर्दीचा भार निवासी डॉक्टरांवर असतो. एमबीबीएस होऊन एमडी-एमएसला लागलेली ही पंचविशी-तिशीतली मुलंमुली. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने रक्त काढायचं, रिपोर्ट आणायचे, एक्स-रेसाठी पाठपुरावा करायचा, नोट्स लिहायच्या, राउंडला सरांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि नातेवाइकांशीही त्यानेच बोलायचं. यातली निम्मी कामं वॉर्डातल्या मामा-मावशींची, तंत्रज्ञांची आणि कारकुनांची आहेत. ती पदं रिकामी राहिली की ती आपोआप याच्या अंगावर येतात. निवासी डॉक्टरांची ड्युटी सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावी, असे केंद्राचे निर्देश १९९२ पासून आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये शिफारस केली, की आठवड्याचं काम ७४ तासांवर जाऊ नये, एक सुट्टी मिळावी आणि रोज सात-आठ तास झोप व्हावी. ७४ तासांची मर्यादा सुधारणा म्हणून सुचवावी लागते, यावरून प्रत्यक्षाची कल्पना येते.

कॅज्युअल्टीतला नेहमीचा प्रसंग घेऊ. रात्री दोनच्या सुमारास दुचाकीवरून पडलेला तरुण येतो. तालुक्याच्या रुग्णालयात टाके घातलेले, सलाईन चालू, आणि चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी घाटी’ एवढंच. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसतो. बाहेर सात-आठ नातेवाईक आणि गावातली चार माणसं. आता त्यांच्याशी कुणीतरी बोलायला हवं. थकलेला, चोवीस तास न झोपलेला डॉक्टर घाईत सांगून जातो, ‘जीसीएस सहा आहे, व्हेंटवर घेतलंय, प्रोग्नोसिस पुअर आहे.’ सांगितलेलं सगळं अचूक आहे. शुद्धीची पातळी ३ ते १५ या गुणांत मोजणाऱ्या ग्लासगो मापनात आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे खोल बेशुद्धी. पण ऐकणाऱ्यांपर्यंत एवढंच पोचतं, की आपल्या माणसाला ‘मशीनवर टाकलंय’. पहाटे मृत्यू झाला, की त्यांच्या दृष्टीने काल बोलता-चालता असलेला मुलगा आत नेला आणि गेला.

हेच असंही सांगता येतं: ‘त्याच्या डोक्यात रक्तस्राव झालाय. मेंदूला सूज आहे. श्वास त्याचा त्याला पुरेसा घेता येत नाही, म्हणून यंत्राने देतोय. पुढचे दोन दिवस फार धोक्याचे आहेत, जीवही जाऊ शकतो. आम्ही हे हे करतोय. सकाळी आठला मी तुम्हाला इथेच पुन्हा भेटेन.’ याला दीड मिनिट लागतं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, कारण त्यामुळे वाट पाहणाऱ्याला एक वेळ आणि एक माणूस मिळतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचं शिक्षण सक्तीचं झालं, ही चांगली गोष्ट आहे. मात्र वर्गात शिकलेला संवाद रात्री दोनला टिकायचा असेल, तर त्या डॉक्टरला आदल्या रात्री झोप मिळायला हवी.

हात उगारला जातो तेव्हा

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातातला एक रुग्ण आला. डोक्याला मार होता आणि मेंदूचा शल्यचिकित्सक तिथे उपलब्ध नव्हता. जमावाने ड्युटीवरच्या अस्थिरोग डॉक्टरला मारहाण केली. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. नंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं आणि रुग्णालयांमध्ये सुरक्षारक्षक नेमण्याचं शासनाने मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनीही काम थांबवलं.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असं नाही. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरचे हल्ले रोखणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० सालचा आहे. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिवाय मोडतोडीच्या दुप्पट भरपाई, अशी त्यात तरतूद आहे. तरीही मारहाण थांबली नाही, कारण ती सुरू होते ती जागा या कायद्याच्या आवाक्याबाहेरची आहे. मेंदूचा शल्यचिकित्सक नसण्यात धुळ्याच्या त्या डॉक्टरचा काय दोष होता? मनुष्यबळ ठरवणारे, औषधखरेदी करणारे, यंत्र दुरुस्तीची फाइल अडवणारे अधिकारी कॅज्युअल्टीत उभे नसतात. तिथे पांढऱ्या कोटातला एक तरुण उभा असतो आणि नातेवाइकांपुरतं सरकार म्हणजे तोच.

नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बाळं होती. घाटीतल्या मृत्यूंच्या बातम्याही त्याच आठवड्यात आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि चर्चा अखेर रिक्त पदांवर, खाटांपेक्षा जास्त भरती झालेल्या रुग्णांवर आणि औषधखरेदीच्या विस्कळीत व्यवस्थेवर येऊन ठेपली. राज्याच्या औषधखरेदीचं काम २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेलं होतं. २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण करावं लागलं. नांदेडमध्ये मात्र या चर्चेआधी एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं. त्या दृश्याने मराठवाड्यातल्या प्रत्येक सरकारी डॉक्टरला धडा दिला, की औषध नसलं तरी जबाबदार तूच. असा धडा मिळालेला डॉक्टर गुंतागुंतीचा रुग्ण हाती घ्यायला कचरतो आणि ‘पुढे न्या’ म्हणतो. त्याची किंमत पुन्हा रुग्णालाच मोजावी लागते.

बाराशे रुपयांचा धनादेश

आता दुसरं दुखणं, हिशेब. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. रायगड जिल्ह्यातल्या महाडला त्यांनी विंचूदंशावर काम केलं आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने ते मृत्यू किती कमी करता येतात, हे जगाला दाखवलं. त्यांचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१३ मध्ये त्यांना पुण्यातल्या एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआय काढायला पाठवलं होतं, त्याबद्दलची ही रक्कम होती. बावस्करांनी ती परत केली आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदवली.

वैद्यकीय व्यवसायात याला ‘कट’ म्हणतात. रुग्ण पाठवणाऱ्याला तपासणी केंद्राने, शल्यचिकित्सकाने किंवा रुग्णालयाने दिलेला हिस्सा म्हणजे कट. हे पैसे कुणी पदरचे देत नाही. ते रुग्णाच्या बिलात आधीच मिसळलेले असतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत असं कमिशन देणं आणि घेणं या दोन्हींना मनाई आहे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करायची तयारी झाली, निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मसुदाही तयार केला. पण तो कायदा झाला नाही.

या विषयावर डॉक्टरांचा आवाज नोंदवण्याचं मोठं काम डॉ. अरुण गद्रे यांनी केलं. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्यानंतर त्यांनी पुण्याच्या ‘साथी’ संस्थेतर्फे देशभरातल्या ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. मराठीत ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ आणि इंग्रजीत, डॉ. अभय शुक्लांच्या सोबतीने, ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ अशी पुस्तकं त्यातून झाली. त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी वाचताना सगळ्यात जास्त बोचतो तो सरळ माणसाचा एकटेपणा. नवा शल्यचिकित्सक शहरात येतो, कर्ज काढून दवाखाना टाकतो, कट द्यायला नकार देतो आणि त्याच्याकडे रुग्णच येईनासे होतात. कॉर्पोरेट रुग्णालयात नोकरी धरली, तर महिन्याला किती भरती आणि किती शस्त्रक्रिया झाल्या याचा जाब विचारला जातो. ज्याला अनावश्यक अँजिओग्राफी करायची नाही, त्याने रोज प्रवाहाविरुद्ध पोहायचं. बिलावरून रुग्णाला जो संशय येतो, तोच संशय प्रामाणिक डॉक्टरलाही आतून पोखरत असतो, आणि तरी लोक त्यालाही त्याच माळेत ओवतात.

याचं टोक बीड जिल्ह्यात दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण भयंकर आहे, अशा बातम्या आल्यावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पांढरं जाणं, कंबरदुखी, अंगावरून जास्त जाणं अशा तक्रारी घेऊन या बायका येत. त्यांना कॅन्सरची भीती घातली जाई. शिवाय तोडीचा खाडा झाला की मुकादमाकडे पैसे कापले जातात, त्यामुळे पाळीच नको असं त्यांनाही वाटू लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली निकालात सांगितलं आहे, की उपचार काय, कशासाठी, धोके कोणते आणि दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णाला कळेल असं सांगून घेतलेली संमतीच खरी. तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती होत नाही. बीडच्या किती बायकांना आधी गोळ्यांनी, संसर्गावरच्या उपचारांनी बरं वाटू शकतं हे सांगितलं गेलं असेल? नंतर या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. नियमाने शस्त्रक्रिया कमी होतात. पण त्या बाईला उसाच्या फडात पाणी, संडास आणि पगारी सुट्टी मिळाल्याशिवाय मूळ दुखणं जात नाही.

योजना आहेत. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. कुटुंबामागे दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांवर गेलं आहे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलं तर पहिली सवलत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असलं तर दुसरी. देशभराचा हिशेब पाहिला, तर आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. तरी डॉक्टरांची तक्रारही ऐकण्याजोगी आहे. योजनेतले दर खर्चाला पुरत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, आणि योजना भरती होणाऱ्या रुग्णाला पैसे देते. रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांना देत नाही. म्हणजे पक्षाघात झाल्यावर मदत मिळते, तो टाळणारी गोळी मात्र पदरच्या पैशांनी घ्यावी लागते.

शहरातच एक वेगळी वाटही आहे. १९८९ मध्ये काही तरुण डॉक्टरांनी एकत्र येऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानतर्फे गारखेडा परिसरात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केलं. सुरुवात मोजक्या खाटांची होती. आज ते शहरातलं मोठं रुग्णालय आहे. त्याच परिवारातलं सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळ वस्त्यांमध्ये आणि खेड्यांत काम करतं आणि दत्ताजी भाले रक्तपेढीही त्यातलीच. एकेकट्या डॉक्टरला प्रवाहाविरुद्ध टिकणं अवघड जातं, तेव्हा समविचारी डॉक्टरांनी एकत्र येऊन संस्था करणं हा एक चालण्याजोगा मार्ग आहे, एवढं तरी या उदाहरणातून नक्की दिसतं.

गाव ते घाटी

तिसरं दुखणं अंतराचं. घाटीतल्या प्रसूती विभागात रात्री आलेल्या बाईला झटके येत असतात. गर्भारपणात वाढलेल्या रक्तदाबाने हे होतं. रक्तदाब आठवड्यांपूर्वीपासून चढलेला असतो. पायावर, चेहऱ्यावर सूज असते. डोकं दुखत असतं. उपकेंद्रात दर भेटीला रक्तदाब मोजला असता, लघवीतली प्रथिनं पाहिली असती, तर ही वेळ आली नसती. झटके सुरू झाल्यावरही मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं, अशी पद्धत ठरलेली आहे. औषध स्वस्त आहे, द्यायला यंत्र लागत नाही. तो डोस न घेता ती शंभर किलोमीटर आली, तर घाटीतला तज्ज्ञ कितीही निष्णात असला तरी गमावलेला वेळ त्याला भरून काढता येत नाही. तोंडाच्या कॅन्सरचंही तसंच. गुटखा-तंबाखूने गालात पांढरा चट्टा आला, तोंड पुरतं उघडेना, हे महिनोन्महिने दिसत असतं. कर्करोग रुग्णालयाच्या दारात मात्र बहुतेक जण गाठ मानेत उतरल्यावर येतात.

मराठवाड्याने यावरची उत्तरंही स्वतःच शोधली आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. तिथले बालमृत्यू तेव्हा हजारी १७६ होते. वीस-पंचवीस वर्षांत ते तिसाच्या खाली आले. जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे. पुढे घाटीच्याच विद्यार्थ्यांच्या चळवळीतून ‘हॅलो’ ही संस्था उभी राहिली आणि डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांनी तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला ते काम नेलं. गावातल्या बायकांना त्यांनी ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. रक्तदाब मोजणारी, ताप पाहणारी, गर्भवतीच्या सुजेकडे लक्ष ठेवणारी बाई गावातच असली, की घाटीकडे जाणारा रस्ता छोटा होतो.

अलीकडे धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली, शहरात दूध डेअरीच्या जागेवर महिला व नवजात शिशूंसाठी २०० खाटांचं रुग्णालय होत आहे. हे सगळं हवंच होतं. परंतु इमारतीत अध्यापक, परिचारिका आणि तंत्रज्ञ नसतील तर तिथूनही तीच चिठ्ठी निघेल: ‘पुढील उपचारासाठी घाटी’. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. उरलेला फरक म्हणजेच ती रिकामी पदं.

‘सलाईन लावा’

आपल्याबद्दलचंही एक गाऱ्हाणं डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे. अंगात कणकण आली, थकवा आला, की दवाखान्यात जाऊन आपणच म्हणतो, ‘डॉक्टर, एक सलाईन लावा.’ अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असतं. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. ज्याला तोंडाने पिता येतं, त्याला यातून वेगळी शक्ती मिळत नाही. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचं सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. एवढा मोठा पुरावा असताना, विषाणूच्या तापात सलाईन आणि प्रतिजैविक न देणारा डॉक्टर आपल्याला ‘गुण न येणारा’ वाटतो आणि आपण शेजारच्या दवाखान्यात जातो. प्रतिजैविकं अशी उधळली, की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. मग अतिदक्षता विभागात महागड्या इंजेक्शनांचाही उपयोग होत नाही. ‘औषध लागत नाही, तीन दिवस वाट पाहू’ असं सांगायला डॉक्टरला धैर्य लागतं आणि ते ऐकून घेणारा रुग्ण असला तरच ते टिकतं.

कोर्टाची पायरी

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. सगळ्यांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं त्यातून वगळली गेली. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने दुसरी बाजू सांभाळली. फौजदारी गुन्हा ठरायला हलगर्जी अत्यंत गंभीर असावी लागते आणि खटला चालवण्याआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. उपचार करूनही रुग्ण दगावणं आणि हलगर्जी यांत फरक आहे, हा त्याचा गाभा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

खटल्याच्या भीतीने काही डॉक्टर गरज नसलेल्या तपासण्या लिहू लागले, हे अनेक डॉक्टर स्वतःच मान्य करतात. याने खर्च वाढतो, खर्चाने संशय वाढतो. म्हणून कोर्टात जाण्याआधीच्या पायऱ्या माहीत असणं दोघांच्याही फायद्याचं आहे. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला आपली कागदपत्रं मिळायला हवीत, हे २००२ च्या आचारसंहितेत आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार महाराष्ट्रातल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. ते नसेल तर विचारा. भांडणाच्या सुरात विचारायची गरज नाही. तो तुमचा हक्क आहे.

विश्वास कशाने येतो

पूर्वी डॉक्टर देव वाटायचा, आता विश्वास उरला नाही, अशी हळहळ नेहमी ऐकू येते. देव मानण्याच्या काळाकडे परत जाण्यात अर्थ नाही. देवाला प्रश्न विचारता येत नाहीत आणि चूक झाली तर देव बदलता येत नाही. विश्वास ठेवण्याजोगी व्यवस्था उभी करता येते, आणि ती तीन दुखण्यांच्या तीन उत्तरांनी बनते. डॉक्टरला बोलायला वेळ मिळावा, त्यासाठी मंजूर पदं भरा आणि निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांची मर्यादा कागदावरून ड्युटीच्या तक्त्यावर आणा. हिशेब उघडा राहावा, त्यासाठी कटविरोधी कायदा विधिमंडळात आणा आणि दरपत्रक भिंतीवर आहे की नाही हे तपासा. अंतर कमी व्हावं, त्यासाठी उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या हातात चालू रक्तदाब यंत्र आणि कपाटात मॅग्नेशियम सल्फेट ठेवा.

आणि आपण? दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्या सोबत घ्याव्यात, तक्रार आधी एका कागदावर लिहावी म्हणजे मनातला प्रश्न उठता उठता राहून जाणार नाही. मला काय झालंय, हा उपचार कशासाठी, दुसरा पर्याय कोणता आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे चार प्रश्न विचारावेत. गंभीर रुग्णाच्या वेळी घरातल्या एका समंजस माणसाने डॉक्टरशी बोलावं आणि बाकीच्यांना सांगावं. आमदाराला फोन करायचाच असेल, तर डॉक्टरला दटावण्यासाठी करू नये. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ का नाही, हे विचारण्यासाठी करावा. डॉक्टरांच्या संपाची बातमी वाचताना त्यांच्या मागण्यांची यादी पुरती वाचावी. त्यात खाटा, औषधं, परिचारिका आणि सुरक्षितता अशा गोष्टी असतात. त्यातली एकेक मागणी उद्या त्या खाटेवर असणाऱ्याच्या, म्हणजे आपल्याच, कामाची आहे.